नावाडीबाबांचं सुतक

सकाळपासून हिंदुरावांचं बूड एका जागी टेकत नव्हतं. गोठ्यात गेले, तिथून विहिरीवर गेले, मोटार चालू करून पाण्याकडे न बघताच परत आले. चहा मागितला आणि आल्यावर गार होऊ दिला. कोऱ्हाळे बुद्रुकात ज्यांच्या शब्दावर सोयरिकी जुळतात आणि मोडतात, बैठकीत ज्यांना मधोमध बसवून सुपारी हातात देतात, ते अठ्ठावन्न वर्षांचे हिंदुराव आतल्या आत रडत होते. आणि कुणासाठी, ते सांगायची सोय नव्हती.

म्हातारा गेला होता. एकशे बेचाळीस भाग त्याची होडी पाण्यावर होती आणि एकशे त्रेचाळिसाव्या भागात तो गेला.

हे भाग कसले, ते आधी सांगून टाकतो, कारण हिंदुराव आपण होऊन सांगायचे नाहीत. गेल्या वर्षी उसाच्या ट्रॉलीवरून पाय घसरून त्यांची नडगी मोडली आणि अडीच महिने खाटेवर काढावे लागले. बातम्या बघून बघून डोकं उठलं. तेव्हा पुतण्या सुयोग, जो बारामतीत इंजिनिअरिंगला आहे, त्याने मोबाईलवर एक जपानी मालिका लावून दिली. चित्रांची, पण हिंदीत बोलणारी. कार्टून म्हणून हिंदुरावांनी नाक मुरडलं, तर पोरगं म्हणालं, काका, ह्याला ॲनिमे म्हणतात. पहिला भाग त्यांनी वेळ जावा म्हणून पाहिला, दुसरा पहिल्यात पुढे काय झालं ते कळावं म्हणून. पाय जुळेपर्यंत ते चौसष्टाव्या भागावर होते. मग काठी सुटली, मालिका सुटली नाही.

ती ते लपून बघायचे. उसाच्या बांधावर, गोठ्यामागे, एकदा तर सोसायटीच्या संडासात. आमच्याकडे पुरुष माणसाने दिवसभर कुस्त्या बघाव्यात, क्रिकेट बघावं, पुढाऱ्याची तीच तीच भाषणं बघावीत, कुणी हूं की चूं करत नाही. पण चित्रातली माणसं बघितली की तो डोक्याने अर्धा. बायको कौसल्याने एकदा त्यांना डोळे पुसताना पकडलं, तेव्हा तिने आधी कपाळाला हात लावला आणि मग दार लावून घेतलं. पोरगी लग्नाची हाय, जरा भान ठेवा, एवढंच ती बोलली.

आणि खरं सांगायचं तर हा कायदा त्यांनी स्वतःच केला होता. दोन वर्षांपूर्वी इंदापूरच्या अविराज नावाच्या मुलाचं स्थळ भावकीतल्या मुलीला आलं होतं. नोकरी चांगली, घर चांगलं, निर्व्यसनी. घर बघायला गेले तर खोलीभर त्या मोठ्या डोळ्यांच्या चित्रांचे कागद चिकटवलेले. हिंदुरावांनी बाहेर येऊन चपला घालता घालता निकाल दिला होता की तिशीला आलेला गडी कार्टून बघतो, त्याच्या हाती पोरगी द्यायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि स्थळ मोडलं. अलीकडे त्यांना तो पोरगा वारंवार आठवायचा, आणि आठवला की ते जागा बदलून बसायचे.

तर नावाडीबाबा गेले, त्या सकाळी सुयोगच्या दोस्तांच्या ग्रुपवर हाहाकार उडाला. हिंदुराव त्या ग्रुपात नुसते ‘काका’ म्हणून होते. कोण कुठले, कुणाला ठाऊक नव्हतं. पोरांनी एकापाठोपाठ एक स्टेटस ठेवलं: होडीत बसलेला म्हातारा, खाली दोन ओळी. हिंदुरावांच्याही मनाने घेतलं की आपणही ठेवावं. एवढे दिवस त्या माणसाबरोबर काढले, निदान हात तरी जोडावेत. पण ते चित्र ठेवलं तर बघणार कोण? सोसायटीचा चेअरमन, कारखान्यातले लोक, आणि मुख्य म्हणजे पोरीच्या होणाऱ्या सासरचे, पळसदेवचे पाव्हणे. मग त्यांनी ते चित्र बाजूला ठेवलं आणि त्या जागी पेटलेली समई टाकली. असली चित्रं आपल्या मोबाईलमध्ये काय कमी असतात, रोज सकाळी कुणाचं ना कुणाचं येतंच. खाली रिवाजाप्रमाणे लिहिलं: भावपूर्ण श्रद्धांजली. आधारवड हरपला.

नाव नाही, फोटो नाही. चित्र लपवलं आणि तिथेच घात झाला. हात जोडल्याच्या दहा-बारा खुणा आल्या, तरी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट त्यांना बरंच वाटलं.

आता दुःखाच्या घरी फोन करून ‘कोण गेलं’ असं कुणी विचारत नाही. ते शोभत नाही. माणूस उठतो, पांढरी टोपी घालतो आणि गाडीत बसतो. हिंदुरावांच्या घरी तर शहाऐंशी वर्षांचे तात्या होते, हिंदुरावांचे वडील. आधारवड म्हटल्यावर दुसरं कोण असणार?

अकरा वाजता अंगणात बोलेरो उभी राहिली. पळसदेवचे रामहरी उतरले, त्यांची बायको सिंधुबाई उतरली, आणि गाडी चालवणारा त्यांचा मुलगा ऋषिराज उतरला. हा ऋषिराज म्हणजे हिंदुरावांचा होणारा जावई. पुढच्या रविवारी बारामतीला त्याचा आणि रेश्माचा साखरपुडा ठरला होता. रेश्मा फार्मसी शिकून इंदापूरला एका औषधाच्या दुकानात होती, सुट्टीला घरी आली होती. तीन स्थळं तिने नाकारली होती. ह्या चौथ्याशी दहा मिनिटं बोलून ती आत आली आणि आईला म्हणाली, हे चालंल. तिच्या तोंडचं ‘चालंल’ म्हणजे काय, ते बापाला बरोबर कळलं होतं.

पाव्हणे पांढऱ्या कपड्यात, माना खाली घालून ओट्याकडे आले. ओट्यावर लोखंडी खुर्चीत तात्या बसून चहात खारी बुडवत होते. रामहरींचे पाय जागच्या जागी थबकले. सिंधुबाईंनी तोंडाला लावलेला पदर तसाच राहिला. तात्यांनी डोळे बारीक करून पांढऱ्या टोप्या न्याहाळल्या आणि अगदी हळहळून विचारलं, “या, बसा. कोण गेलं तुमचं?”

हिंदुराव गोठ्यातून धावत आले आणि त्यांना एका क्षणात सगळं उमगलं. रामहरी त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले की स्टेटस बघून निघालो, आम्हाला वाटलं तात्याच. देवाची कृपा. मग गेलं कोण?

दारात रेश्मा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. हिंदुरावांनी तिच्या हातून तांब्या घेतला आणि रामहरींपुढे धरला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून कौसल्या बोलून गेली की त्यांचे एक जुने स्नेही वारले, भिगवणचे, नावाडी होते. आपला नवरा मोबाईलमधल्या कुठल्याशा नावाड्यासाठी झुरतोय एवढं तिला माहीत होतं. आणि नावाडी म्हटला की तो भिगवणचाच असायचा, एवढा तिचा हिशेब सरळ.

रामहरी हे रीतीभातीचे माणूस. केळी आणि ऊस पिकवणारे, मोजकं बोलणारे, लग्नाला एक वेळ गेले नाहीत तरी मातीला न चुकता जाणारे. ते लगेच उठले. म्हणाले, भिगवण आमच्या वाटेवरच आहे, आलोच आहोत तर त्या घरीही भेटून जाऊ, तुम्हीही चला, एकट्याने दुःख काढू नये. हिंदुरावांनी पाय बरा नाही म्हणून पाहिलं, ते लोक घरी नसतील म्हणून पाहिलं, उसाला पाणी सोडलंय म्हणूनही पाहिलं. कुठली सबब टिकली नाही. बघता बघता ते बोलेरोत पुढच्या सीटवर होते आणि कोऱ्हाळे मागे पडत होतं. कौसल्या अंगणात उभी राहून पदराचं टोक पिळत होती.

बारामतीपर्यंत त्यांनी खिडकीची काच सहा वेळा खाली-वर केली. भिगवण किती लांब? चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. तिथे गाडी थांबणार, हे लोक विचारणार, घर कुठलं? मग काय दाखवायचं? कुणाच्या तरी दाराशी जाऊन उभं राहायचं? त्यांना वाटलं, दार उघडून रस्त्यावर उडी टाकावी. दुसरी नडगी मोडली तरी बेहत्तर, निदान आणखी अडीच महिने कुणी काही विचारणार नाही.

मागून रामहरींनी विचारलं की माणूस कसा होता. आता खोटं बोलावं लागणार, असं हिंदुरावांना वाटलं. पण बोलायला लागले आणि त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, कारण एक शब्दही खोटा सांगावा लागत नव्हता. अंगाने वाळका होता, म्हणाले. बोलायचा कमी. पुरात वाहत आलेलं एक पोरगं त्याने नदीतून काढलं आणि पोटच्यासारखं वाढवलं. उतारूकडून पैसे घेताना समोरच्याच्या चपला बघायचा, झिजलेल्या असल्या तर घ्यायचा नाही. पोरगं मोठं झालं, मुलूख बघायला गेलं, आणि इकडे नदीवर धरण झालं. गाव पाण्याखाली जायचं ठरलं. सगळे उठले. हा उठला नाही. म्हणाला, मी आयुष्यभर लोकांना पैलतीरी सोडलं, मला कुठे जायची सवय नाही. पोरगं न्यायला परत आलं, तेव्हा पाणी उंबऱ्याला लागलं होतं.

गेल्या कितीतरी महिन्यांत हिंदुराव हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते. गोठ्यात म्हशीला सांगितलं असेल तेवढंच. सांगताना बरं वाटत होतं आणि भिगवण जवळ येत होतं, दोन्ही एकदमच.

मदनवाडी मागे पडल्यावर रामहरी बोलायला लागले, आणि ते हिंदुरावांशी बोलत होते की खिडकीशी, ते कळत नव्हतं.

“आमचं बी गाव असंच गेलं. उजनीत. मी बारा वर्साचा हुतो. आमचा बा उठंना. जात्यापाशी बसला, म्हनला मला हितंच ऱ्हाऊ द्या. चुलत्यांनी त्येचं हात धरलं, आन् मला म्हनले, रामा, तू पाय धर. म्या धरलं.” त्यांनी स्वतःच्या तळहातांकडे बघितलं. “पाय झाडीत हुता. म्या सोडलं न्हाईत. वर आणून टाकला त्येला. त्येच्यापुढं अकरा वर्सं जगला, पर पाण्याकडं तोंड करून कवा बसला न्हाय. आन् माझ्याशी बी सरळ बोलला न्हाय.”

सिंधुबाई हुंदका देत म्हणाल्या की पस्तीस वर्षांच्या संसारात हे मला पहिल्यांदा कळतंय. ऋषिराज आरशातून बापाकडे बघत होता. हिंदुरावांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. आतापर्यंत प्रश्न फक्त त्यांच्या इभ्रतीचा आणि पोरीच्या साखरपुड्याचा होता. आता एका माणसाने त्यांच्यावर विश्वास टाकून आपलं काळीज बाहेर काढून ठेवलं होतं, आणि कुणापुढे? एका चित्रापुढे.

भिगवणची पाटी आली. मासळीचा वास गाडीत शिरला. ऋषिराजने वेग कमी केला आणि विचारलं, “मामा, कुठं वळवू?”

सरळ, असं हिंदुराव म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा सरळ. हॉटेलं संपली, स्टेशनचा फाटा मागे गेला. एखादं घर दाखवावं, कुलूप आहे म्हणावं आणि सुटावं, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. चांगला दोनदा आला. कुलूप लावलेलं एक घर त्यांना दिसलंही. पण मागे बसलेल्या माणसाचं नाक ओढणं बंद झालं नव्हतं.

“थांबव गाडी,” ते म्हणाले. गाडी कडेला थांबली. त्यांनी मागे वळून रामहरींकडे बघितलं. “पाव्हणं, कुठलं बी घर न्हाय. मानूसच न्हाय. मी मोबाईलवर बघतो ते कार्टून हाय. त्यातला म्हातारा गेला, म्हणून म्या ते ठेवलं हुतं.”

ऋषिराजच्या नाकातून फस्सकन हसू निघालं. रामहरींनी नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि ते तिथेच विझलं. मग ते दार उघडून खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला पाठ करून उभे राहिले. लांब पाणी दिसत होतं. हिंदुराव लंगडत त्यांच्यामागे गेले, पण जवळ जायचा धीर होईना. दोन पावलं पुढे, एक मागे, असं त्यांचं चाललं होतं. आता हा माणूस म्हणणार की पोरगी तुमच्या घरातच ठेवा. आणि म्हणाला तर चूक काय? तुम्ही चपला घालता घालता इंदापूरच्या पोराला काय म्हणाला होतात?

“म्हंजी माझा बा म्या तुमच्या कार्टूनपुढं काढला,” रामहरी न वळता म्हणाले. आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्त लागला. “पन्नास वर्सं कुणाला सांगितलं न्हवतं.”

हिंदुरावांनी माफी मागितली नाही. रेश्माचा ह्यात काही दोष नाही, तिला ह्यातलं ठाऊकही नाही, एवढंच ते पुटपुटले. रामहरींनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. ट्रक जात होते. धूळ उडत होती. हिंदुराव एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर उभे राहत होते. मोडलेली नडगी ठणकायला लागली होती.

मग रामहरींनी विचारलं, “त्या पोरानं उचलला का त्येला?”

“कुणाला?”

“नावाड्याला. पोरगं न्यायला आलं म्हनला न्हवं तुमी.”

“न्हाय. पोरगं लई रडलं. मग त्येच्या शेजारी जाऊन बसलं. पाणी गुडघ्याला लागूस्तवर बसलं. मग म्हाताऱ्यानंच त्येला होडीत ढकलून दिलं.”

रामहरींनी मान हलवली.

“मग बरुबर कुणाचं? त्येचं का माझं?”

हा प्रश्न हिंदुरावांना आजवर कुणी बैठकीत विचारला नव्हता. तिथे त्यांच्याजवळ उत्तर तयार असायचं, चपला घालता घालता द्यायचं. “पहाटेपास्नं तीनदा बघितलं म्या,” ते म्हणाले. “मला ठरवता यीना. म्हणून तर जीव थाऱ्यावर न्हाय.”

रामहरी वळले. त्यांचे डोळे लाल होते आणि चेहऱ्यावर काय होतं, ते वाचता येत नव्हतं. ते गाडीत बसले आणि ऋषिराजला म्हणाले, घरी घे. हिंदुरावांनी इथून एसटी मिळेल असं म्हणताच, बसा, एवढा एकच शब्द आला. ते बसले.

पळसदेवपर्यंत हिंदुरावांनी मनातल्या मनात साखरपुडा दहा वेळा मोडला आणि दहा वेळा रेश्माला ते सांगितलं. चांगल्या माणसाची रीत अशीच असते, नाही म्हणायचं तर रस्त्यावर म्हणत नाहीत, घरी नेऊन, पाणी देऊन म्हणतात. त्यांनी स्वतः किती जणांना असं म्हटलं होतं. ऋषिराज मधूनच त्यांच्याकडे चोरून बघत होता, आणि ती नजर त्यांना नकोशी झाली. खिशात मोबाईल थरथरला. कौसल्याचा असणार. त्यांनी तो बाहेर काढला नाही.

केळीच्या बागेतून गाडी आत वळली आणि घरापुढे थांबली. सिंधुबाई उतरल्या आणि सवयीने चहाचं आधण टाकायला म्हणून दाराकडे निघाल्या.

“थांब,” रामहरी म्हणाले. “तशीच आत जाऊ नगंस. पाणी बाहीर काढ. सगळ्यांच्या अंगावर पडाय पायजे.”

सिंधुबाई पायरीवर थांबल्या. मातीवरून किंवा दुखवट्याच्या घरून आलं की अंगावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण आज त्या नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

“दादा,” ऋषिराज हळूच म्हणाला, “पर खरं तर कुणी गेलंच न्हाय की.”

रामहरींनी अंगणातल्या हौदावर जाऊन बादली बुडवली, तांब्या भरला. हिंदुराव गाडीचं दार धरून तसेच उभे होते, पुढे यावं की मागे जावं ते न कळून. रामहरी भरला तांब्या घेऊन त्यांच्यासमोर आले.

“आधी तुमी, व्याही,” ते म्हणाले. “मानूस तुमचं गेलंय.”

हिंदुरावांनी टोपी काढली आणि डोकं पुढे केलं.